आंबट, तुरट आणि बाकीचं

दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याचा तळ काळा पडून जळायला लागला, तरी ताई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून पेपर वाचत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार बडवलं तेव्हा ती उठली, दार उघडलं आणि म्हणाली, "काय हो, काय झालं?" तिच्या पाठीमागून धूर येत होता.

त्याच दिवशी संध्याकाळी धाकटी बहीण बॅग घेऊन हजर झाली.

"थोडे दिवस राहते तुझ्याकडे," ती म्हणाली.

"मी म्हातारी झालेली नाही," ताई म्हणाली. "फक्त नाक गेलंय."

नाक गेलंय म्हणजे वास गेला होता. मध्यंतरी ताईला सणसणून ताप आला. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात ताकदही आली, पण वास काही परत आला नाही. आधी तिला वाटलं, सर्दी असेल. मग एकदा अंघोळीच्या साबणाची नवी वडी उघडून नाकाला लावली, तर हातात नुसता गार, गुळगुळीत दगड. नाकाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, येईलही, कदाचित नाहीही येणार, वाट बघा.

वाट बघणं ताईला जमायचं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्या माणसाच्या नाकावर ती जड चौकट ठेवून एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायची, "ही बरी, की ही?" लोक गोंधळायचे, घाबरायचे, परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम व्हायचे. ताई थांबायची. तिला कधी कुणाची घाई नव्हती.

धाकटीचं मात्र बरोबर उलटं. तिला लहानपणापासून घरात सगळे भिंगरी म्हणत आणि चाळिशी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. भिंगरी ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. कुठून बोलताय, श्वास चालू आहे का, दार उघडं ठेवा, गाडी निघाली आहे. दिवसभर हेच. ड्यूटी संपली तरी अंगातली घाई संपायची नाही. ती ओट्याशी उभी राहून जेवायची, दात घासताना घरभर फिरायची आणि दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात असताना स्वतःचं सुरू करायची. लग्न केलं नव्हतं. ताई म्हणायची, हिच्यासाठी मांडवात थांबायला कोण तयार होणार आणि ही तरी किती वेळ थांबणार.

पहिल्या संध्याकाळी भिंगरीने घरातल्या खिडक्या तपासल्या, गॅसची नळी बदलून घ्यायला हवी म्हणून सांगितलं, फ्रिजमधला एक डबा हुंगून कचऱ्यात रिकामा केला आणि ओट्याला टेकून सूप प्यायला लागली. तेवढ्यात ताईने कपाटातून वाइनची बाटली काढली, टेबलावर दोन ग्लास ठेवले आणि दोन्हींत थोडी थोडी ओतली.

ताईची ही जुनी सवय. ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, असताना दोघं संध्याकाळच्या जेवणाबरोबर एकेक ग्लास घ्यायचे. भाऊजी गेल्यावर ती एकटी घ्यायची. तिला वाइनमधलं फार कळत होतं अशातला भाग नाही. दुकानात गेली की मधल्या फळीवरून काहीतरी उचलायची, आवडली तर पुन्हा तीच आणायची, नाही आवडली तर उरलेली रश्शात घालायची. पण काय आवडतं हे तिला नेमकं माहीत होतं. आणि तो एक ग्लास ती जेवण संपेपर्यंत पुरवायची.

"बस," ताई म्हणाली. "आणि सांग कशी आहे."

भिंगरी बसली नाही. तिने ग्लास उचलला, अर्धा एका घोटात घेतला आणि म्हणाली, "चांगली आहे."

"चांगली म्हणजे कशी?"

"वाइनसारखी. ताई, तुझ्या बाथरूमचा नळ गळतोय."

"नळ गळू दे." ताईने आपला ग्लास नाकाशी नेला, खूप वेळ धरला आणि खाली ठेवला. "मला आंबट कळतं. तुरट कळतं, जीभ कोरडी होते ना, ते. थोडी झणझण कळते. बाकीचं काही नाही. आवाज बंद करून सिनेमा बघावा तसं. माणसं तोंड हलवतायत, काय बोलतायत पत्ता नाही. म्हणून विचारतेय, बाकीचं काय आहे ते तू सांग."

भिंगरीने पुन्हा ग्लास तोंडाला लावला. तिच्या डोक्यात अजून सकाळचे फोन चालू होते. "द्राक्षांचा वास येतोय," ती म्हणाली.

"वा," ताई म्हणाली. "वाइनला द्राक्षांचा वास. कमाल झाली."

दोघी हसल्या, पण ताईने ग्लास अर्धवटच सोडला. हे भिंगरीला दिसलं आणि कुठेतरी टोचलं. ताईने ग्लास अर्धवट टाकलेला तिने कधी बघितला नव्हता.

पुढचे काही दिवस असेच गेले. ताई विचारायची, भिंगरी काहीतरी उत्तर द्यायची. छान आहे, जरा कडक आहे, कालच्यासारखीच आहे. विचारलं की तिला वर्गात उभं केल्यासारखं व्हायचं. तोंडात घोट असताना पाय टेबलाखाली हलत असायचे.

"ताई, मला नाही कळत यातलं," एकदा ती चिडून म्हणाली. "ज्यांना कळतं ते वेगळे. ते ग्लास फिरवतात, डोळे मिटतात, काहीतरी पुटपुटतात. माझं नाक साधं आहे."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ताईने आणखी एक बाटली आणली. चार ग्लास काढले. दोघींपुढे दोन-दोन ठेवले, एकात कालची, दुसऱ्यात आजची.

"आता मी कशी आहे असं विचारणारच नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी आलं आणि मी विचारलं, तुम्हाला किती दिसतं, तर त्याला सांगता येईल का? नाही येणार. एक काच घालते, मग दुसरी. हे मात्र शेंबडं पोरही सांगतं. घे. हा घोट, मग तो. जास्त आंबट कुठली?"

भिंगरीने एकीतला घोट घेतला, मग दुसरीतला. "ही," ती लगेच म्हणाली.

"जास्त तुरट?"

"ती."

"जड कुठली? दूध आणि पाणी यांतलं दूध कुठलं?"

भिंगरीला पुन्हा प्यावं लागलं. "तीच. तुरटवाली."

"आता नुसता वास. कुठल्या ग्लासातून आधी येतो?"

भिंगरीने नाक घातलं. एक ग्लास, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. आणि तिला नवल वाटलं, कारण दोन्ही वास अगदी वेगळे होते. एकटा ग्लास हातात असताना जी नुसती वाइन होती, ती शेजारी दुसरी आल्यावर कुणीतरी झाली. एकीला आंबटगोड, लाल फळासारखा वास होता. दुसरीला काय होतं ते तोंडाशी येत होतं आणि निसटत होतं.

"चामडं," ती शेवटी म्हणाली. "नाही. बाबांच्या घड्याळाचा पट्टा. उन्हाळ्यात ते घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, तेव्हा."

ताईने तो ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. तिला वास आला नाही. पण घड्याळाचा पट्टा आठवला, त्याची मळलेली आतली बाजूसुद्धा. तिने घोट घेतला, हळूच. "हं," ती म्हणाली. "असेल."

त्या दिवशी तिने ग्लास संपवला.

मग त्यांचा क्रमच ठरला. भिंगरीची ड्यूटी संपली की टेबलावर दोन बाटल्या. कधी दोन्ही एकाच वाइनच्या, पण एक काल उघडलेली आणि एक आज, बूच लावून ठेवलेल्या बाटलीचं रात्रीत काय होतं ते बघायला. पांढरी वाइन फ्रिजमधून काढल्या काढल्या अगदी मुकी असते आणि पंधरावीस मिनिटं टेबलावर बसली की बोलायला लागते, हे भिंगरीला तिच्या अधीरपणामुळेच कळलं. तिने बाटली काढून लगेच पिऊन "हिला वासच नाही" असा निकाल दिला होता, आणि ताईने तो निकाल मान्य न करता बटाटे उकडेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. उन्हाळ्यात लाल वाइन उलट थोडी गार करून बरी लागते. चीजच्या तुकड्याबरोबर तुरटपणा मऊ होतो. बाटली कितीची आहे आणि ती तुला आवडते का, या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. ताई हे काही शिकवत नव्हती. भिंगरी करून बघत होती आणि ताई विचारत होती.

भिंगरीला बसणं अजूनही जड जायचं. फोन उलटा ठेवला तरी तिचा हात तिकडे जायचा. पण त्या अर्ध्या तासात कधीकधी डोक्यातली घरघर थांबायची. पेन्सिलला टोक करताना येतो तसा वास. ओलं गोणपाट. जास्त पिकलेलं नासपती. हे शब्द सापडले की तिला शाळेत गोटी जिंकल्यासारखं वाटायचं.

मग तिच्या कामावरचे दिवस वाईट आले. दोन जण सुट्टीवर, त्यांचे फोन हिच्याकडे. घरी येईपर्यंत तिचे कान बधिर झालेले असायचे. वासाकडे लक्ष द्यायला माणूस जागेवर असावा लागतो, आणि ती जागेवर नसायची. तेव्हा तिने एक सोपी युक्ती काढली. बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर सगळं छापलेलंच असतं. ओतताना ती ते पटकन वाचून घ्यायची आणि मग ग्लास फिरवत म्हणायची, "हिच्यात काळी फळं आहेत. थोडी मिरी. शेवटी जरासा धूर."

"धूर?" ताई खूश व्हायची. "वा. तुझं नाक तयार झालं गं."

ताईला बारीक अक्षर चष्म्याशिवाय दिसत नसे आणि जेवताना ती चष्मा काढून ठेवायची. दुसऱ्यांच्या डोळ्यांवर आयुष्य काढलेल्या बाईचं हे असं. भिंगरीला पहिल्या वेळी थोडं वाईट वाटलं. नंतर सवय झाली.

ताईच्या मनात तेव्हा वेगळीच काळजी होती. चष्म्याच्या दुकानाचे मालक आजकाल तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. बाई, दमता का, बाई, आराम करा. दूध जळल्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ताईला वाटलं, हे आता मला घरी बसवणार. म्हणून तिने सुट्टीच्या दिवशी दुपारी मालकांना आणि त्यांच्या पत्नीला जेवायला बोलावलं. मी ठणठणीत आहे, स्वयंपाक करते, पाहुण्यांचं करते, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून.

त्या जेवणासाठी तिने एक खास बाटली काढली. भाऊजींनी शेवटच्या वर्षी आणलेली, कधीतरी उघडू म्हणून कपाटात मागे राहिलेली.

"इतकी वर्षं ठेवायची नसते ही," ताई म्हणाली. "आपली रोजची वाइन ती, काही राजेरजवाड्यांची नाही. उतरलीही असेल. मला कळणार नाही. भिंगरे, तू आधी नीट वास घेऊन बघ. जरा जरी शंका आली तर दुसरी आणून ठेवलीय, ती उघडू."

भिंगरीने बूच काढलं. आदल्या दिवशी तिच्याकडे एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला होता. जिन्यावरून पडले होते, एकटे होते, आणि रस्त्याचं जुनं नाव सांगत होते, जे आता कुठल्याच नकाशात नव्हतं. गाडीला रस्ता सापडायला वेळ लागला. तोपर्यंत भिंगरी त्यांच्याशी बोलत राहिली आणि मध्येच ते बोलायचे थांबले. पुढे काय झालं ते तिला कळलं नव्हतं. गाडीवरचा डॉक्टर कळवतो म्हणाला होता. बूच हातात असताना फोन वाजला आणि तो त्याचाच होता.

तिने फोन खांद्यात धरला, बाटली नाकाखालून नेली, श्वास न घेताच. "मस्त आहे," ती ताईला म्हणाली आणि गॅलरीत गेली.

म्हातारे वाचले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, शुद्धीवर होते, चहा मागत होते. भिंगरीला एकदम रडू आलं. ती गॅलरीत तोंड पुसून आत आली तेव्हा मालक आणि मालकीणबाई टेबलाशी बसले होते आणि ताई अभिमानाने ग्लास भरत होती.

"यांनी आणलेली," ती सांगत होती. "शेवटचीच."

मालकांनी घोट घेतला. त्यांच्या भुवया थोड्या वर गेल्या. "छान आहे," ते म्हणाले. मालकीणबाईंनी ग्लास ओठांना लावला आणि खाली ठेवला, आणि मग भाजी किती मऊ शिजलीय याबद्दल बोलायला लागल्या. भिंगरीने आपला ग्लास उचललाच नाही. ती त्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगत सुटली होती, हातवारे करत, आणि पाहुणे मन लावून ऐकत होते. जेवण छान झालं. दुकानाचा विषय निघाला नाही. निघताना मालक दारात म्हणाले, "बाई, पुढच्या आठवड्यात जरा बोलू आपण." आणि गेले.

ताई टेबल आवरायला आली. मालकीणबाईंचा ग्लास तसाच भरलेला होता. मालकांचा अर्धा. ताईने दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली.

"भिंगरे, इकडे ये," ती म्हणाली. "हा वास घे."

भिंगरीने वास घेतला. या वेळी खरोखर घेतला. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेला पुठ्ठा. बंद तळघर. मागे कुठेतरी वाइन होती, पण कुणीतरी ओलं कांबळं टाकून तिला दाबून ठेवल्यासारखी.

तिने ग्लास परत टेबलावर ठेवला.

"खराब आहे?" ताईने विचारलं.

"हो."

"थोडी की खूप?"

"खूप."

"तू म्हणालीस, मस्त आहे."

"फोन आला होता गं, त्या म्हाताऱ्यांचं कळवायला. मी ऐकत होते."

"फोन आला होता ते मला दिसलं." ताईचा आवाज चढला नव्हता. "आणि ती काळी फळं? मिरी? धूर?"

भिंगरीने खाली बघितलं. तेवढ्यावरून ताईला कळलं. तिने ती बाटली उचलली, बाजूला ठेवलेला चष्मा लावला आणि मागची चिठ्ठी वाचली. मग ओट्याखालची परवाची बाटली काढून तिचीही वाचली.

"तू फोनवर लोकांना सांगतेस ना, गाडी निघालीय म्हणून," ती म्हणाली. "निघालेली नसताना सांगतेस का कधी?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. ताई, ती वेगळी गोष्ट आहे."

"असेल," ताई म्हणाली. "तिकडे माणूस मरतो. इथे कोण मरतंय."

ती आत जाऊन झोपली, भर दुपारी, जे ती कधी करत नसे. भिंगरीने भांडी घासली. मग ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. घरात थांबवेना म्हणून चपला घालून बाहेर पडली आणि उन्हात चालत राहिली, एक रस्ता संपला की दुसरा. तिला राग आला होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं. एका ग्लासासाठी एवढं काय, असं एकीकडे वाटत होतं. दुसरीकडे सारखं आठवत होतं की धूर म्हटल्यावर ताईने तो घोट तोंडात किती वेळ धरून ठेवला होता, नसलेल्या धुराची वाट बघत.

चालता चालता ती वाइनच्या दुकानाशी आली. ताईची नेहमीची दुकानदारबाई गल्ल्यावर होती. भिंगरीने तिला ओल्या पुठ्ठ्याचं सांगितलं.

"बूच खराब," बाई म्हणाली. "तुमच्या ठेवण्याचा दोष नाही त्यात, फार वर्षं झाली म्हणूनही नाही. बुचातच असतं ते, कालच्या बाटलीतही निघतं. नाकाशी नेलं की कळतं लगेच."

"नेलं तर," भिंगरी म्हणाली.

संध्याकाळी ताई उठली तेव्हा टेबलावर दोन नव्या बाटल्या होत्या. दोन्हींच्या मागच्या चिठ्ठ्या भिंगरीने खरवडून काढल्या होत्या. नखात कागद अडकला होता. फोन तिने कपड्यांच्या कपाटात, स्वेटरखाली ठेवला होता आणि ती खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन बसली होती, स्वतःलाच बांधून ठेवल्यासारखी.

ताई समोर येऊन बसली.

भिंगरीने पहिल्या ग्लासात नाक घातलं. वेळ गेला. तिच्या गुडघ्याने दोनदा उसळी मारली, तिने तो हाताने दाबला. "लाल फळ," ती म्हणाली. "कुठलं ते माहीत नाही. आंबट." मग दुसरा ग्लास. ती हुंगत राहिली, ग्लास फिरवला, घोट घेतला, पुन्हा हुंगला. "हिच्यात मला काही येत नाहीये, ताई. खरंच. वाइन आहे. बास."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तुरट आहे, ते तुला कळेलच."

ताईने तो ग्लास घेतला. चाखला. "आहे खरी तुरट," ती म्हणाली. आणि दुपारपासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी ताईने मालकांना स्वतः फोन केला. म्हणाली, काल तुम्हाला नासलेली वाइन पाजली, मला वास येत नाही म्हणून कळलं नाही, तापापासून येतच नाही, आता काय ते स्पष्ट बोला. पलीकडे मालक मोठ्याने हसायला लागले.

"नासलेली होती?" ते म्हणाले. "अहो बाई, मला वाटलं, भारी वाइन अशीच लागत असेल. घरी आल्यावर मीच हिला बोललो, तुला चांगल्यातलं काही कळत नाही, ग्लास तसाच ठेवलास म्हणून. आता मला आयुष्यभर ऐकावं लागणार."

"आणि ते बोलायचं होतं ते?"

"ते होय. नवीन मुलगी ठेवतोय काउंटरवर. तिला डोळे तपासायला शिकवाल का, एवढंच. आणि नाकाचं काय घेऊन बसलात, आपल्या धंद्यात नाकाचं काम फक्त चष्मा धरून ठेवणं."

ताईने फोन ठेवला आणि भिंगरीला हे सगळं सांगितलं, मालकांच्या आवाजात. भिंगरी हसून हसून खुर्चीतून उठली, घरभर फिरली आणि पुन्हा येऊन बसली.

भिंगरीने गॅसची नळी बदलून घेतली, धूर झाला की वाजणारी घंटा बसवली आणि आपल्या खोलीवर परत गेली. पण आठवड्यातून दोनतीनदा संध्याकाळी यायचीच. कधी तिला वास सापडायचा, कधी नाही. नाही सापडला तर तसं सांगायची.

हिवाळा लागता लागता ताईचं काहीतरी बिनसलं. ती चिडचिडी झाली. एका संध्याकाळी भिंगरी आली तर ताई ग्लास हातात घेऊन उभी होती, बसायला तयार नव्हती.

"रबर," ती म्हणाली. "जळकं रबर. तुला येतोय?"

भिंगरीने वास घेतला. बाटली चांगली होती, दोघींची नेहमीची. "नाही."

"कॉफीलाही तोच. साबणाला तोच. सकाळी टूथपेस्टला तोच, मी थुंकून टाकली."

डॉक्टर म्हणाले, ही चांगली खूण आहे. नाकातल्या तारा पुन्हा जुळतायत, पण सध्या चुकीच्या जागी. जुळतील, किंवा अर्धवट जुळतील. ताईला त्यात चांगलं काही दिसेना. इतके दिवस काही नव्हतं ते सोसलं होतं. आता होतं ते घाण होतं. लाल वाइन ती तोंडाशी नेऊ शकत नव्हती. आयुष्यभर थांबत आलेली ताई आता घरात येरझाऱ्या घालत होती, खिडकी उघडत होती, लावत होती, आणि तिला बघून भिंगरीला स्वतःला बघितल्यासारखं कानकोंडं होत होतं.

"लाल राहू दे," भिंगरी म्हणाली. "पांढरी बघ."

पांढरीला साबणाचं पाणी. दुसऱ्या पांढरीला पुन्हा रबर, पण कमी. मग भिंगरी दुकानातून गुलाबी वाइन घेऊन आली, सगळ्यांत खालच्या फळीवरची, जिला ताई आजवर लग्नातलं सरबत म्हणत आली होती.

ताईने तोंड वाकडं करूनच ग्लास घेतला. खिडकीशी उभी राहून नाकाशी नेला, लांब केला, पुन्हा नेला.

"थांब," ती म्हणाली.

भिंगरी थांबली.

"रबर नाहीये." ताई ग्लास घेऊन खोलीत फिरायला लागली. दाराशी जाऊन हुंगला, दिव्याखाली येऊन हुंगला. "गोड काहीतरी. गोड नाही, सालीसारखं. नाव येत नाहीये."

भिंगरीच्या ग्लासातून सरळ सरळ स्ट्रॉबेरीचा वास येत होता. शब्द तिच्या जिभेवर होता. तिने तो घोटाबरोबर गिळला आणि हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

"संत्र्याची साल," ताई म्हणाली. "सोलताना फवारा उडतो ना बोटांवर, तसा. बारीक आहे. तुला येतोय का?"

भिंगरीने पुन्हा नाक घातलं आणि नीट शोधलं. "नाही," ती म्हणाली. "मला नाही येत."

"मला येतोय," ताई म्हणाली, आणि उभ्या उभ्याच आणखी एक घोट घेतला.